एका खोलीचं नाव अमेरिका

मा. अध्यक्ष, नॅसकॉम, यांस



सोमवारी सकाळी पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांतल्या कितीतरी डिलिव्हरी मॅनेजरांच्या इनबॉक्समध्ये जी पहिली मेल येते ती कोडबद्दल नसते, ग्राहकाबद्दलही नसते. मागच्या आठवड्यात कुणी किती दिवस कार्ड स्वाइप केलं, कोण किती तास इमारतीच्या आत होतं, याचा तो एक्सेलचा तक्ता असतो. त्यातली लाल रंगातली नावं मॅनेजरने ‘बघून घ्यायची’ असतात. हिंजवडीत टीम सांभाळणारा माणूस म्हणून मीही हे तक्ते वाचतो. त्यांच्याबद्दल एखाद्या कंपनीला लिहिण्यापेक्षा तुम्हाला लिहावंसं वाटलं, कारण हा आता एका कंपनीचा प्रश्न राहिलेला नाही. शिवाय या धंद्याची आठवण जपण्याचं काम कुणाचं असेल, तर ते तुमच्या संघटनेचं आहे.

त्या आठवणीतली एक गोष्ट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. नरेंद्र पटनी एमआयटीत शिकून अमेरिकेतच काम करत होते. तिकडची कागदपत्रं भारतात पाठवायची, इथे ती संगणकाला वाचता येतील अशा कागदी पट्टीवर उतरवायची आणि परत धाडायची, असा धंदा त्यांच्या डोक्यात होता. दोन देशांत एवढं अंतर असताना हे जमेल का, हे पाहायला पटनी पती-पत्नींनी आपल्या अमेरिकेतल्या घरातच प्रयोग केला. एका खोलीचं नाव अमेरिका, दुसरीचं भारत. एकमेकांशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते लिहून द्यायचं. भिंतीपलीकडे माणूस आहे, पण हाक मारायची सोय नाही. म्हणजे सूचनेत जे राहून गेलं ते कामात चुकणार, हे आलंच. पुढे पटनींच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. नंतरचा इतिहास तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

एकमेकांना न दिसणाऱ्या माणसांनी मिळून काम करणं हाच आपला धंदा आहे, हे मला यातून तुमच्या नजरेस आणून द्यायचं आहे. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा. हा फरक आपण कधी अडचण म्हणून सांगितला नाही, उलट तोच विकला: तुम्ही झोपा, सकाळी उठाल तेव्हा काम झालेलं असेल.

हे जमलं कशामुळे? व्हिडिओ कॉलमुळे तर नक्कीच नाही, तेव्हा परदेशी फोन लोक घड्याळाकडे बघत करायचे. जमलं ते लिहिण्यामुळे. प्रकल्प हातात घेताना आठवडेच्या आठवडे केटी, म्हणजे ‘नॉलेज ट्रान्सफर’, चालायची आणि तिच्या शेवटी दस्तऐवज तयार व्हायचा. रात्रीच्या बॅचसाठी रनबुक असायचं: कुठला जॉब पडला तर आधी काय बघायचं, कुणाला उठवायचं आणि कुणाला मुळीच उठवायचं नाही. बिघाड कुठल्या दर्जाचा असेल तर किती वेळात उत्तर द्यायचं, हे ग्राहकाबरोबरच्या करारात, एसएलएमध्ये, ठरलेलं असायचं. आणि संध्याकाळी ऑनसाइट कोऑर्डिनेटरला जाणारी हँडओव्हरची मेल! तो आमच्या पिढीचा स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हणायला हवा. चांगला लीड आज काय झालं आणि काय अडलं एवढंच लिहून थांबायचा नाही. ‘तुमचं उत्तर आलं नाही, तर उद्या सकाळी आम्ही अमुक गृहीत धरून पुढे जातो आहोत’ हेही तो लिहायचा. हे एक वाक्य लिहिता येणारा माणूस ग्राहकाची झोप न मोडता एक दिवस वाचवायचा.

न्यू जर्सीतल्या एखाद्या ग्राहकाने आमची तोंडं वर्षानुवर्षं पाहिलेली नसायची. आम्ही खुर्चीत आहोत का, चहाला गेलोत का, असं त्याने कधी विचारलं नाही. तासांवर बिल लागणाऱ्या करारांतही वाद झालाच, तर तो काम काय झालं यावरून व्हायचा.

मग मार्च २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी आली. काही दिवसांत लाखो माणसं घरी गेली, टेम्पोत घालून डेस्कटॉप लोकांच्या दारात पोचवले गेले. त्या वर्षी तुमच्या संघटनेनेही सरकारकडे आग्रह धरला आणि नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने ‘ओएसपी’चे, म्हणजे ‘इतर सेवा पुरवठादारां’चे, जुने नियम सैल करून घरून किंवा देशात कुठूनही काम करण्याची वाट मोकळी केली. टीसीएसने तर त्याआधीच, एप्रिल २०२० मध्ये, २०२५ सालचं चित्र जाहीर केलं होतं: कुठल्याही वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोक कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने माणसांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं आणि २०२४ मध्ये व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा बदलता भाग, हजेरीच्या टक्केवारीशी जोडला. टीसीएसचं नाव घेतलं ते मोठी आणि जुनी कंपनी म्हणून. बाकीच्याही अनेक जणी कमी-अधिक फरकाने त्याच वाटेने गेल्या.

माणसांना परत बोलावण्याची कारणं असतात, ती मी नाकारत नाही. काही ग्राहकांच्या माहितीला चार भिंतींची सुरक्षा लागते. सेझचे, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचे, नियम आहेत. आणि नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलांबद्दल मी परत बोलावणाऱ्यांशी सहमतच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. माझी तक्रार वेगळी आहे. दूरच्या ग्राहकासाठी जी शिस्त आपण अंगी बाणवली, ती दूरच्या सहकाऱ्यासाठी आपण वापरूनच पाहिली नाही. ग्राहकाला दस्तऐवज दिला, सहकाऱ्यावर नजर ठेवली, आणि ती नजर पुरेना तेव्हा ‘घरून काम जमत नाही’ असा निकाल दिला.

नजर म्हणजे काय, ते मायक्रोसॉफ्ट टीम्सवरच्या हिरव्या ठिपक्याला विचारा. ठिपका पिवळा झाला की काही मॅनेजरांच्या जिवाची घालमेल सुरू होते. माणूस कागदावर आकृती काढत विचार करत असेल, तर ठिपका पिवळा. लॅपटॉप ओट्यावर ठेवून भाजी चिरताना अधूनमधून माउस हलवत असेल, तर हिरवागार. माउस आपोआप हलता ठेवणारी छोटी यंत्रं बाजारात मिळतात. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डवर खोटी हालचाल दाखवल्याबद्दल २०२४ मध्ये डझनभराहून अधिक लोकांना काढलं. बातमी वाचून सगळ्यांनी त्या लोकांना नावं ठेवली. पण कीबोर्डची हालचाल म्हणजे काम, हे आधी कुणी ठरवलं होतं, असा प्रश्न मला पडला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ११ देशांतल्या २०,००० लोकांची पाहणी केली होती. त्यात ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आमचं काम नीट चाललं आहे. लोक नीट काम करत आहेत याची खात्री बाळगणं अवघड जातं, असं ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले. दोन्ही बाजू खरं बोलत असतील. काम काय ठरलं होतं हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर एकाला ते झाल्यासारखं वाटणार आणि दुसऱ्याला ते दिसणारच नाही.

घरून कामाविरुद्ध मूनलायटिंगचाही, म्हणजे लपून दुसरी नोकरी करण्याचाही, दाखला दिला जातो. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना त्याबद्दल काढलं. एकाच वेळी प्रतिस्पर्ध्याकडेही काम करणं ही फसवणूकच आहे, यात मला शंका नाही. पण महिनोन्‌महिने दोन नोकऱ्या करूनही एखाद्याचं काम कमी पडलेलं मॅनेजरच्या लक्षात येत नाही, तेव्हा चौकशी मॅनेजरचीही व्हायला हवी. त्याने त्या माणसाला नेमकं किती आणि कसलं काम दिलं होतं?

आता प्रत्यक्षात काय करायचं ते. माझ्या टीममधले काही जण पुण्यात असतात, एक मुलगी अंबाजोगाईहून काम करते, एक जण सांगलीहून. दूरच्या माणसाला काम देताना मी ‘जरा हे बघून घे’ असं सांगणं बंद केलंय. काम लिहून देतो. काय हवंय, का हवंय, कशाला झालं म्हणायचं, आणि कुठल्या गोष्टी यात येत नाहीत. हे लिहायला अर्धा तास लागतो आणि सुरुवातीला जीव कंटाळतो. पण लिहिताना बऱ्याचदा कळतं की आपल्यालाच काय हवंय ते स्पष्ट नव्हतं. तोंडी सांगितलं असतं तर हा गोंधळ समोरच्याच्या माथी गेला असता आणि दोन दिवसांनी आपण त्यालाच विचारलं असतं, ‘अरे, हे असं का केलंस?’

निर्णयही लिहायचे. कॉलवर ठरलेलं दहा मिनिटांत सगळ्यांना दिसेल अशा जागी टाकायचं, कुणी का विरोध केला होता त्यासकट. गिटलॅब नावाची कंपनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात आली, तेव्हा तिला कार्यालयच नव्हतं. तिचं कामाचं हँडबुक इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. रजा कशी घ्यायची इथपासून मीटिंग केव्हा घेऊ नये इथपर्यंत सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे. ते वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आपलं रनबुक! फक्त ते यंत्रांऐवजी माणसांसाठी लिहिलंय.

याहून अवघड आहे ती अर्धी-अर्धी टीम. हिंजवडीच्या कॉन्फरन्स रूममध्ये सहा जण टेबलाभोवती आणि दोघं भिंतीवरच्या पडद्यावर. टेबलावर कुणीतरी हळूच काही बोलतं, सगळे हसतात, पडद्यावरचे दोघं नुसतेच बघत राहतात. मीटिंग संपते, खोलीतले सहा जण चहाला जातात आणि खरा निर्णय टपरीवर होतो. अंबाजोगाईला तो दुसऱ्या दिवशी कळतो, तोही ‘तुला माहीत नव्हतं का?’ अशा सुरात. म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे: एक जण जरी बाहेर असेल, तरी सगळ्यांनी आपापल्या जागेवरून आपापला लॅपटॉप लावून बसायचं. पहिल्या आठवड्यात लोक हसले. ‘शेजारी बसून कॉल काय करायचा?’ मग सवय झाली. टपरी काही मी बंद करू शकत नाही, करूही नये. पण टपरीवर ठरलेलं लिहून येईपर्यंत ते ठरलेलं नाही, एवढं सगळ्यांनी मान्य केलंय.

उमेद टिकवायची तर कागद पुरत नाही, हेही सांगायला हवं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी मी स्वतंत्रपणे बोलतो, कॅमेऱ्याशिवाय, साध्या फोनवर. स्टेटस त्यात विचारायचं नाही, ते बोर्डावर दिसतंच. ‘काय अडलंय?’ एवढं विचारून गप्प बसायचं. पहिली पाच मिनिटं ‘सगळं ठीक आहे सर’ यातच जातात, खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. अंबाजोगाईच्या मुलीचं अडलेलं असतं विजेवर, घरात शांत खोली नसण्यावर. ‘घरीच आहेस ना’ म्हणून पाहुण्यांच्या चहाची जबाबदारी तिच्यावर येते, त्यावरही. यातलं काही मी सोडवू शकत नाही. तिची महत्त्वाची कामं सकाळच्या वेळात लावणं आणि दुपारी चारच्या मीटिंगमधून तिला मोकळं करणं, एवढं सोडवू शकतो. दूरच्या माणसाचं मन उडालंय हे कॅमेरा बंद असल्यावरून कळत नाही. सतत शंका विचारणारा माणूस विचारेनासा होतो, ‘असं का करायचं?’ म्हणून वाद घालणारी मुलगी ‘ओके, नोटेड’ लिहायला लागते, तेव्हा ओळखावं. मग तीन-चार महिन्यांत राजीनामा येतो आणि एचआर त्यात ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ असं कारण नोंदवतं.

शाबासकीचंही तसंच. कार्यालयात पाठीवर थाप पडते, चहा पाजला जातो, वरच्या साहेबांसमोर लिफ्टमध्ये नाव निघतं. दूरच्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याचं कौतुक मुद्दाम, सर्वांसमोर आणि नेमकं करावं लागतं: ‘ग्रेट जॉब टीम’ कुणालाच लागत नाही, ‘सांगलीहून काल रात्री याने लॉगमधली ती विसंगती पकडली, नाहीतर सोमवारी बिलिंग बंद पडलं असतं’ हे लागतं.

आणि बढती. इथे मी तुम्हाला चीनमधल्या एका प्रयोगाकडे नेतो, कारण घरून कामाचे पुरस्कर्ते त्यातलं अर्धंच सांगतात. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ मध्ये नऊ महिने पाहणी केली. स्वतःहून तयार झालेल्या २४९ जणांतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काहींना घरी पाठवलं, काहींना कार्यालयात ठेवलं. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण कामगिरी सारखी धरली, तर घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोगानंतर पुन्हा निवडायची मुभा दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपला आधीचा पर्याय बदलला. घरी एकटं वाटतं, ही त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार होती. गंमत म्हणजे ज्याला जे मानवतं ते करू दिल्यावर फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला.

त्याच कंपनीत, आता ट्रिप डॉट कॉम या नावाने, १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून. तो २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. राजीनामे एकतृतीयांशाने घटले, स्त्रिया आणि लांबून येणाऱ्यांचे विशेष. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही. मला सगळ्यात बोलका वाटला तो मॅनेजरांचा भाग. सुरुवातीला त्यांचा सरासरी अंदाज होता की काम घटेल. प्रयोग संपल्यावर त्यांचंच मत झालं की थोडं वाढलंच. हे मत भाषण ऐकून बदललं नाही, करून पाहिल्यावर बदललं. हिंजवडीत भूमकर चौकाच्या रांगेत रोज उभं राहणाऱ्याला यातला ‘लांबून येणारे’ हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

फ्रेशर्सबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित जुनाट वाटेल. पहिले काही महिने त्यांना कार्यालयात, आणि तेही कामाची जाण असलेल्या माणसाच्या शेजारी बसवावं. शेजारच्याने प्रॉडक्शनचा बिघाड कसा शांतपणे हाताळला, ग्राहकाला ‘नाही’ कसं म्हटलं, हे कुठल्याच दस्तऐवजात येत नाही. पण मग जाणते लोकही तिथे हवेत, आणि त्यांनी दिवसभर हेडफोन लावून कॉलवर बसून चालणार नाही. मी अशा मजल्यांवर गेलोय जिथे सक्तीने आलेली साठ माणसं साठ वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांशी हेडफोनवर बोलत असतात आणि फ्रेशर कोपऱ्यात यूट्यूबवर शिकत असतो.

आता रात्रीचं. सकाळी नऊला स्वाइप, सहाला बाहेर, दीड-दोन तासांनी घरी, आणि साडेनऊला अमेरिकेचा कॉल. तो कॉल घरूनच होतो. त्या वेळी घराची सुरक्षा पुरते, इंटरनेट पुरतं, माणसावरचा विश्वासही पुरतो; स्वाइपच्या तक्त्यात मात्र ते तास कुठेच दिसत नाहीत. अकराला लॅपटॉप मिटून झोपलेल्या माणसाचं नाव, दुसऱ्या दिवशी तो दहाला आला म्हणून, लाल होतं. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे खाजगी विधेयकांचं पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कायद्याची वाट बघावी असं मी म्हणत नाही. निदान रात्रीचा तास दिवसाच्या हिशेबात धरा, एवढं कंपन्यांना सांगायला संसद लागत नाही.

तुमच्याकडून मला काय हवंय, ते आता लिहितो. आपल्याकडे मॅनेजर होतो तो चांगला कोड लिहिणारा माणूस. बढतीच्या आदल्या दिवसापर्यंत तो एकटा काम करत असतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे चार शहरांतली बारा माणसं येतात. काम लिहून कसं द्यायचं, न दिसणाऱ्या माणसाचं मूल्यमापन कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या हाती एकच आयतं मोजमाप येतं, ते म्हणजे हजेरी. सरकारबरोबर तुम्ही फ्युचरस्किल्स प्राइम हा कार्यक्रम चालवता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आणि क्लाउडच्या शेजारी त्यात अशा नव्या मॅनेजरांसाठी लिहिण्याचा आणि दूरची टीम चालवण्याचा नेटका अभ्यासक्रम चालवा. शिकवायला बाहेरून कुणी आणू नका. ऑफशोअरचे जुने लीड अजून निवृत्त व्हायचे आहेत, त्यांच्या हँडओव्हरच्या मेल्स वाचून दाखवल्या तरी पुष्कळ होईल.

आणि सदस्य कंपन्यांकडून एक माहिती मागवा. हजेरी सक्तीची करण्याआधी आणि नंतर चुकलेल्या मुदती, ग्राहकांच्या तक्रारी आणि राजीनामे किती होते, हे प्रत्येकीने आपल्यापुरतं मोजून द्यावं. हे आकडे ग्राहकाला दर तिमाहीला जातातच, त्यामुळे ते गोळा करायला वेगळी यंत्रणा लागणार नाही. सक्तीनंतर ते सुधारले असतील, तर मी माझ्या अंबाजोगाईच्या मुलीला पुण्याला ये म्हणून स्वतः समजावीन. सुधारले नसतील, तर व्हेरिएबल पे हजेरीपासून सोडवा.

उत्तरासाठी भेटीची वेळ मागत नाही. लेखी चालेल.

आपला,
हिंजवडीतला एक डिलिव्हरी मॅनेजर